टाळूचं लॅटिन नाव

मी नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवते आणि माझा तास नेमका जेवणानंतर असतो. पहाटे उठून वॉर्डात ड्युटी केलेल्या, डबा खाऊन सुस्तावलेल्या पोरींना नंदुरबारच्या उन्हात हाडांची नावं सांगायची म्हणजे भिंतीशी बोलणं. त्यात ती नावं लॅटिन. वर्गातल्या निम्म्या मुली घरी अहिराणी बोलतात, बाकीच्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या, त्यांच्या घरी पावरी नाहीतर भिली. मराठीच त्यांना शाळेत येऊन शिकावी लागली, इंग्रजी तिच्या पलीकडे आणि लॅटिन तर देवाघरची भाषा. म्हणून मी फार पूर्वीच एक युक्ती काढली. नाव पाठ करायला लावायचं नाही, आधी त्याची गोष्ट सांगायची. गोष्ट ऐकायला सगळ्या जाग्या होतात.

या लॅटिनवाल्यांना लाडानं लहान करून बोलायची भारी हौस. आपण सोन्याचं सोनुलं करतो, मडक्याचं मडकुलं करतो, तसंच त्यांचं. शब्दाला एक शेपटी लावली की वस्तू इवलीशी होते. दंड फुगवला की आपल्याला तिथं बेडकुळी दिसते, त्यांना उंदराचं पिल्लू दिसलं, म्हणून स्नायूला मस्क्युलस. गळ्याच्या हाडाला इवलीशी किल्ली, म्हणून क्लॅव्हिक्युला. हे सांगितलं की मुली एकमेकींचे दंड दाबून बघतात, हसतात, आणि मग परीक्षेत कुणी ते नाव विसरत नाही. मी रागीट बाई आहे, वर्गात माझा आवाज चढतो, पण त्या पाच मिनिटांत मलाही बरं वाटतं.

टाळूचा तास तसाच सुरू झाला होता. बाळाच्या डोक्यावर पुढच्या बाजूला हाडं जुळलेली नसतात, तिथं बोटाला मऊ लागतं, ती टाळू. आपण टाळू म्हणतो तोंडातल्या वरच्या भागालाही आणि याही जागेला. लॅटिननं तिला वेगळं नाव दिलं, फॉन्टिक्युलस. फॉन्स म्हणजे झरा, त्याला शेपटी लावली, झाला इवलासा झरा. पुढे फिरत फिरत फ्रेंचांच्या तोंडी त्याचं फॉन्टॅनेल झालं आणि आपल्या पुस्तकांत तेच बसलं.

“झरा कशाला म्हणतील, मॅडम?” एकीनं विचारलं. मी म्हटलं, उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत हातानं खड्डा उकरता ना, पाण्यासाठी? डोंगराकडच्या मुलींनी माना हलवल्या. झिरा, त्या म्हणाल्या. त्या झिऱ्याच्या तळाशी पाणी येतं तेव्हा वाळू कशी हलते? खालून कुणी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. झोपलेल्या बाळाच्या टाळूवर बोट ठेवा, तेच हाताला लागेल. आणि झिऱ्यातलं पाणी आटलं की काय होतं? खड्डा पडतो. बाळाच्या अंगातलं पाणी आटलं की टाळूचाही खड्डा पडतो. जुलाब झालेलं मूल आलं की आधी डोक्याला हात लावायचा, मग बाकी. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

मग मी त्या शब्दाचा जुना अर्थ सांगितला. टाळूला हे नाव मिळायच्या आधी युरोपातले वैद्य फॉन्टिक्युलस म्हणायचे एका जखमेला. माणूस आजारी पडला की तापलेल्या लोखंडानं त्याच्या कातडीला भोक पाडायचे आणि ती जखम मुद्दाम भरू द्यायची नाही. आत एखादा वाटाणा ठेवून देत, म्हणजे वाहत राहील. आजार त्या वाटेनं झिरपून जाईल अशी समजूत. वाहणाऱ्या त्या जखमेला त्यांनी लाडाचं नाव ठेवलं, इवलासा झरा. मी नेहमीच्या सुरात म्हटलं, बघा, गोऱ्या लोकांतही असला अडाणीपणा होता, आणि आपल्याकडे अजून आहे. पोट फुगलं की मुलाला तापल्या विळ्याचे डाम देणारे लोक अजून आहेत या जिल्ह्यात.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. धडगावच्या वरच्या पाड्यातली, अभ्यासात बरी, बोलायला कमी. ती म्हणाली, “मॅडम, मला पण आहेत.” तिनं पोटावर हात ठेवला होता. ती म्हणाली, आठ महिन्यांची होते, पोट फुगलं होतं, दूध पीत नव्हते. रस्ता नव्हता. वडिलांनी धरलं आणि गावातल्या म्हाताऱ्यानं विळा तापवून डाम दिले. आईला बघवेना म्हणून ती बाहेर जाऊन बसली. मग म्हणाली, “मी वाचले ना.” त्यात उर्मटपणा नव्हता. तिला खरंच माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं की ती डामामुळे वाचली की डाम देऊनही वाचली. तास संपला तसं मी पुस्तक उचललं आणि बाहेर पडले.

हे उन्हाळ्यातलं. त्यानंतर पोळ्याच्या आसपास माझ्या भावाच्या घरी जे झालं, ते सांगायला मी बसले आहे.

माझं माहेर शहाद्याकडचं, तापीकाठचं गाव. पपई, केळी, ऊस, ठिबकचं पाणी, घरटी एक नोकरीवाला. डोंगरातली माणसं आमच्याकडे मजुरीला येतात आणि आमचे लोक त्यांच्याबद्दल बोलतात ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. भावाची मुलगी, माझी भाची, बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा सुरतेला कंपनीत. मुलगा झाला, पाचवा महिना लागला, आता सासरचे न्यायला येणारच होते. आणि त्या बाळाचं सगळं वहिनी करत होती.

वहिनीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते, माझ्या वेण्या ती घालायची. पुढे मी नर्स झाले, डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रावर नेमणूक मिळाली, आणि माझी मुलगी तीन महिन्यांची असल्यापासून वहिनीकडे वाढली. वहिनीच्या हाताला काय होतं कुणास ठाऊक, तिनं पायावर घेऊन तेल लावलं की रडकं मूलही निपचित झोपायचं. सगळ्यात शेवटी ती टाळू भरायची. तळहातावर कोमट तेल घ्यायचं, टाळूवर सोडायचं, आणि बोटांच्या पेरांनी हळूहळू थापटत जिरवायचं. भरली की डोकं गोल होतं, मूल शहाणं निघतं. मी नर्स असून कधी अडवलं नाही, कारण तेलानं काही बिघडत नाही आणि माझं लेकरू तिच्याजवळ सुखात होतं. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा ती मला चिडवायची, “मास्तरीनबाई, तुम्ही पुस्तकातली बाळं सांभाळा, खरी माझ्याकडे द्या.”

त्या रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. बाळाला दोन दिवसांपासून जुलाब होताहेत, आई म्हणते दात येताहेत, तू काय म्हणतेस आत्या? मी म्हटलं, व्हिडिओ लाव. बाळ वहिनीच्या मांडीवर होतं. मी म्हटलं, टोपडं काढ, टाळू दाखव. वहिनीनं टोपडं काढलं, टाळूवर ठेवलेलं एरंडाचं पान उचललं. तेलानं चकचकीत, सपाट, खड्डा कुठेच नाही. वहिनी हसून म्हणाली, “टाळू एकदम चांगली शे व बाई, तू कसाले घाबरस?”

पण बाळ रडत होतं आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. तोंड उघडं, ओठ सुकलेले, आणि मी हाक मारली तरी नजर फिरवेना. टाळू सांगतेय एक आणि डोळे सांगताहेत दुसरं, हे काही मला पटेना. टाळू बघायची वस्तू नाही, हात लावायची आहे. मी भाचीला म्हटलं, साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजत राहा, अंगावर पाजत राहा, मी निघाले. पायात चप्पल अडकवली आणि शहाद्याची एसटी धरली. वाटेत दोनदा फोन लावला तर भाची म्हणाली, आई म्हणते पाणी पाजलं की लगेच जुलाबातून खाली जातं, म्हणून नको. मी बसमध्येच ओरडले. शेजारची बाई सरकून बसली.

घरात शिरले तर बाळ पाळण्यात होतं, अंगावर गोधडी, डोक्याला घट्ट टोपडं. मी हात धुतले, टोपडं सोडलं, एरंडाचं पान काढलं आणि टाळूवर बोट टेकवलं. बोटाला कडक लागलं. वाळलेल्या सांडग्यासारखं कडक. क्षणभर मला कळेचना हे काय आहे. नखानं कोपरा उचलला तर कपची निघाली.

“काढू नको व बाई,” वहिनी धावत आली. “कालदिनपाईन भरी ऱ्हायनू मी.” कालपासून ती भरत होती. उडदाची डाळ भिजवून, वाटून, तिचा जाड लपका टाळूवर थापत होती. डाळ फुगते तशी टाळू फुगून वर येते, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. लपका वाळून आक्रसला की कडेनं पुन्हा भर घालायची, वरून तेल. टाळू खाली गेली हे वहिनीच्या लक्षात माझ्या आधी आलं होतं. आमच्या घरात सगळ्यात आधी तिच्याच लक्षात आलं होतं. तिनं तो खड्डा बघितला आणि जिवाच्या आकांतानं तो बुजवत बसली. फोनवर मला दाखवली ती टाळू नव्हतीच, उडदाचं पीठ होतं. आणि वहिनी खोटं बोलत नव्हती. भरली म्हणजे बरी झाली, असंच तिला वाटत होतं.

मी ओल्या फडक्यानं ते पीठ भिजवत काढलं. खाली वाटीसारखा खड्डा होता, बोटाचं पहिलं पेर बसेल एवढा. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. शेवटची लघवी कधी केली विचारलं तर भाचीला आठवेना. मी वहिनीवर ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. “तू याला वाळवलंस” एवढं तरी नक्की म्हटलं. वहिनी म्हणाली, “तुन्ही पोरनी टाळू कोनी भरी व्हती?”

माझ्या मुलीची टाळू कुणी भरली होती? वहिनीनंच.

भाऊ पपईच्या गाडीबरोबर गेला होता. शेजाऱ्याची पिकअप मिळाली. भाची बाळाला घेऊन पुढे बसली, मी तिच्याशेजारी वाटी-चमचा धरून. वहिनीला कुणी चल म्हटलं नाही. ती आपली मागे रिकाम्या क्रेटांच्या मधे चढून बसली. मी दर खड्ड्याला सांडत, थेंब थेंब पाणी बाळाच्या ओठांवर सोडत होते. ते गिळत होतं, मग गिळेनासं झालं. मला सगळं माहीत होतं, कुठल्या लक्षणानंतर कुठलं येतं ते. त्या रस्त्यावर मला वाटलं, काहीच माहीत नसतं तर किती बरं झालं असतं.

शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, आवाज शांत. हातापायाची शीर सापडेना, सगळ्या आत गेलेल्या. मग त्यानं डोक्याचे केस एका बाजूनं भादरले आणि टाळूच्या शेजारच्या शिरेत बारीक सुई घातली. वहिनी दारात उभी होती. ज्या जागेवर तिनं जन्मभर बोटांच्या पेरांनी तेल जिरवलं होतं, तिथं सुई जाताना तिनं बघितली. तिनं दाराची चौकट धरली.

डॉक्टरनं केसांत राहिलेली पिठाची कपची चिमट्यानं उचलली. “हे कुणी लावलंय?” भाचीनं आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर वहिनी म्हणाली, “मी लावलं.” डॉक्टर म्हणाला, “काकू, पुन्हा असं करू नका. तुम्ही जरा बाहेर बसा, मी सांगतो.” एवढंच. पुन्हा सुईकडे वळला.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून. पलीकडच्या खाटेवर डोंगरातली एक बाई होती, मांडीवर मूल, त्याच्या पोटावर ताजे डाम. दोन सिस्टर तिच्यासमोर उभ्या होत्या. काय बाई आहेस का कोण आहेस, लेकराला भाजताना हात कसा धजला, तुम्हा लोकांना कितीदा सांगायचं, पोलिसांत देऊ का. त्या बाईला मराठी फारसं कळत नसावं. ती मुलाच्या पोटावरून लुगडं ओढत होती, सिस्टर ते पुन्हा बाजूला करत होत्या. त्यातली एक माझी विद्यार्थिनी होती. ती जे बोलत होती ते माझे शब्द होते, माझ्याच चढलेल्या आवाजात, आणि मला ते उठून थांबवता आलं नाही. “मी वाचले ना” म्हणणारी वर्गातली ती मुलगी मला आठवली. तिची आई अशीच कुठे तरी बसली असेल.

वहिनी ते सगळं बघत होती. मग माझ्याकडे न बघता हळू म्हणाली, “तिले इतला बोलनात. माले कोनीच काही बोलनं नही.”

तिला एवढं बोलले, मला कुणीच काही बोललं नाही. खरंच होतं. वहिनीच्या अंगावर इस्त्रीची साडी, गळ्यात पोत, सोबत नर्सिंगच्या मॅडम, म्हणून ती काकू झाली. गावात डाम देणाऱ्यांना नावं ठेवण्यात वहिनी कधी मागे नव्हती. तिला आता काय वाटत होतं ते मला तिच्या हातांवरून कळलं. नखांत पीठ अडकलं होतं आणि ती एका नखानं दुसरं नख कोरत होती, रक्त येईपर्यंत. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला.

दिवेलागणीच्या सुमारास भाची बाहेर आली आणि म्हणाली, “आत्या, त्यानं लघवी केली.” मी आत पळाले. बाळ रडत होतं आणि डोळ्यांच्या कडेला ओल होती. मी ओल बोटानं पुसली, बोट तोंडात घातलं, खारट लागलं, आणि मी तिथं उभ्या उभ्या रडले. डॉक्टर म्हणाला, मॅडम, आता चांगलं आहे. बाहेर आले तर वहिनी उभीच होती. तिनं एवढंच विचारलं, “टाळू वर उनी का?” मी म्हटलं, येतेय, चल, तूच हात लावून बघ. ती मागे सरली. “माले नही लावनं हात.”

मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. आमच्या घरात भांडणं टिकत नाहीत.

बाळ घरी आलं. भाची आईला एका शब्दानं बोलली नाही. ती फक्त बाळाला भिंतीकडच्या बाजूला घेऊन निजायला लागली. अंघोळ स्वतः घालायची, तेल स्वतः लावायची, बाटली कपाटावर ठेवायची. मुद्दाम करत होती असंही नाही, तिचे हात आपोआप तसे चालत होते. वहिनी पाणी तापवून बादली न्हाणीच्या दारात ठेवायची आणि परत फिरायची. चौथ्या-पाचव्या दिवशी सुरतेहून भाचीची सासू आली. तिला सगळं आधीच फोनवर कळलेलं. ती चहा प्यायली, गोड बोलली आणि सुनेला-बाळाला घेऊन गेली.

ते गेले त्या संध्याकाळी वहिनीनं मला ओट्यावर गाठलं. “ती बंद कवय होस?” काय, म्हटलं. तिनं आपल्या डोक्यावर बोट ठेवून दाखवलं. मी सांगितलं, साधारण दीड वर्षापर्यंत हाडं जुळतात, मग टाळू राहत नाही. “मंग मी तवयच हात लावसू,” ती म्हणाली. मी पुष्कळ समजावलं. तेलानं काही झालेलं नाही वहिनी, पाणी तोडलं त्यानं झालं, पिठानं दिसलं नाही एवढंच. तू उचल, खेळव, काही होणार नाही. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची. पण तिनं मनात घेतलं ते घेतलं. डोक्याचं दार उघडं आहे तोवर आपल्या हातानं तिथं काही बरंवाईट जाईल, असं काहीसं तिच्या डोक्यात बसलं होतं, आणि ते काढायला माझ्याकडे कुठली गोष्ट नव्हती.

बारशाचं राहिलेलं जेवण नंतर आमच्याकडे घातलं, तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. संक्रांतीला भाची दोन दिवस आली, तेव्हा बाळ रांगत तिच्या पायाशी गेलं. वहिनी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि “घे व बाई, घे त्याले” म्हणत मला हाका मारत राहिली. उन्हाळ्यात तिनं सुरतेला जायचं टाळलं. भावानं एकट्यानंच जाऊन आंबे पोचवले. भाचीचा राग तोवर पार गेला होता. ती मला फोनवर म्हणायची, आत्या, आईला सांग ना, मी काही मनात ठेवलेलं नाही. मी सांगायचे. वहिनी म्हणायची, तिनं ठेवलं नाही, पण मी ठेवलंय.

वर्गात मी अजून फॉन्टिक्युलसची गोष्ट सांगते. झऱ्याची सांगते, जखमेचीही सांगते. अडाणीपणा हा शब्द आता तोंडातून निघत नाही, त्याच्या जागी काय म्हणावं ते मात्र अजून सापडलेलं नाही. मुलींना सांगते, डोक्याला हात लावण्याआधी विचारा, वर काय लावलंय का. आणि विचारताना ओरडू नका, नाहीतर आई सांगणार नाही. मागच्या बाकावरची ती मुलगी पास होऊन गेली. जाताना पाया पडली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं नाही, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

मुलगा दीड वर्षाचा झाला तेव्हा थंडीचे दिवस होते. भाची त्याला घेऊन आली, मीही मुद्दाम गेले. तो ओट्यावर दुडुदुडु धावत होता, हातात पोळीचा तुकडा. मी त्याला पकडून मांडीवर घेतलं, केसांत बोट घालून टाळूची जागा चाचपली. पुन्हा चाचपली. हाडं जुळली होती, बोटाला कुठेच मऊ लागेना. वहिनी दारात उभी राहून माझ्या बोटाकडे बघत होती. मी म्हटलं, “वहिनी, बंद झाली.”

ती आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ हात धूत होती. बाहेर आली, पदराला हात कोरडे केले, पुन्हा एकदा कोरडे केले, आणि जन्मल्यापासून पाचव्या महिन्यापर्यंत रोज ज्याला न्हाऊमाखू घातलं त्या नातवापुढे वाकून तिनं दोन्ही हात पसरले. ती हसत होती. असं हसताना मी तिला कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

त्यानं तिच्याकडे बघितलं. ओळख पटेना म्हणून आधी आईकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे. ती आणखी एक पाऊल पुढे आली तसा तो माझ्या गळ्याला घट्ट बिलगला आणि मोठ्यानं रडायला लागला. मी त्याची बोटं सोडवून त्याला पुढे करायला लागले. “अरे, आजी आहे ती, तुझी आजी,” भाची म्हणत होती.

वहिनीनं हात खाली घेतले.

“रडावू नको त्याले,” ती मला म्हणाली. “त्यानं काय चुकनं?” आणि तो गप्प व्हावा म्हणून ती त्याच्या नजरेआड, दाराच्या मागे जाऊन उभी राहिली.